पांच मैलांच्या आंतील घर

सेवाग्राम येथील बापूकुटी आमच्या बहुतेक वाचकांनीं पाहिली असेल. मातीच्या भिंती, वर बांबू व कवेलू. महात्माजी १९३६ सालीं या खेड्यांत राहावयास आले. ही कुटी मूळ मीराबेन यांनीं स्वतःकरितां बांधिली होती. भिंतींवर मातीचींच ताडाचीं झाडें उठविलीं आहेत. या घरामागील विचारावर एका इंग्रज वास्तुशिल्पज्ञानें आपलें आयुष्य उभारलें, हें मात्र थोड्यांसच ठाऊक आहे.

लॉरी बेकर यांचा जन्म १९१७ सालीं बर्मिंगहॅम येथें झाला. दुसऱ्या महायुद्धांत ते शुश्रूषापथकाबरोबर चीनमध्यें होते. परततांना बोटीची वाट पाहत मुंबईस थांबले असतां त्यांची गांधीजींशीं भेट झाली. घर पांच मैलांच्या आंत मिळणाऱ्या साहित्याचें असावें, हें गांधीजींचें सांगणें त्यांच्या मनांत कायमचें राहिलें. १९४५ मध्यें ते कुष्ठरोग्यांची सेवा करणाऱ्या मिशनच्या इमारतींसाठीं हिंदुस्थानांत आले. पुढें पत्नी डॉक्टर एलिझाबेथ यांच्यासह पिठोरागडच्या डोंगरांत सुमारें सोळा वर्षें काढिलीं. दगडमातीचें जें शास्त्र महाविद्यालयांत मिळालें नव्हतें, तें त्यांस तेथील गवंड्यांनीं शिकविलें.

१९६३ मध्यें ते केरळांत आले व पुढें तिरुअनंतपुरम येथें त्यांनीं शेंकडों घरें बांधिलीं. त्यांची एक युक्ति विद्यार्थ्यांनीं नीट समजून घ्यावी. विटा आडव्या न निजवितां कडेवर उभ्या ठेवावयाच्या व मध्यें पोकळी राखावयाची. भिंत नऊ इंचांचीच राहते, विटा मात्र सुमारें एक चतुर्थांश वांचतात. शिवाय पोकळींतील हवा उष्णता अडविते. वैशाखांत वर्ध्यास राहिलेल्यास याचें मोल सांगावयास नको! स्लॅबच्या खालच्या भागांतील काँक्रीट ताण सोसण्याच्या कामीं येत नाहीं, म्हणून तेथें ते जुने कवेलू बसवीत. खिडक्यांच्या जागीं विटांची जाळी असे, आणि भिंतीस गिलावा नसे. अर्थात् अशा उघड्या भिंतीस गवंडी कुशल लागतो. हलगर्जीपणा तेथें झांकतां येत नाहीं.

परंतु केरळांतील वीट येथें तशीच आणून चालेल काय? आपली काळी माती पावसाळ्यांत फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते; पायाचा विचार येथें निराळाच करावा लागतो. मातीची भिंत दरवर्षीं लिंपावी लागते, तिचे कष्टहि हिशेबांत धरले पाहिजेत. बेकर तरी एकच नकाशा सर्वत्र कोठें वापरीत? तिरुअनंतपुरम येथें खडकाळ उतार सपाट न करितां त्यांनीं स्वतःचें घर बांधिलें, व २००७ सालीं मृत्यु येईपर्यंत ते त्यांत राहिले.