मुरगूडचा पिनकोड ४१६२१९ : चला, एका मोठ्या संख्येची ओळख करून घेऊया

पत्रावर आपण रोज लिहितो तो मुरगूडचा पिनकोड म्हणजे ४१६२१९. पिनकोड पद्धत भारतात १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. आज मात्र टपाल बाजूला ठेवू आणि या आकड्यांकडे संख्या म्हणून बघू.

वाचन : चार लाख सोळा हजार दोनशे एकोणीस.

विभाज्यतेच्या कसोट्या
• एककस्थानी ९ आहे, म्हणून संख्या विषम. २, ५, १० ने भाग जात नाही.
• अंकांची बेरीज ४+१+६+२+१+९ = २३. २३ ला ३ ने भाग जात नाही, म्हणून ३ आणि ९ दोन्ही बाद.
• ११ ची कसोटी : एकाआड एक अंकांच्या बेरजा ९+२+१ = १२ आणि १+६+४ = ११. फरक १, म्हणून भाग जात नाही.
• ७ ने भागल्यास बाकी ६, १३ ने भागल्यास बाकी ११.

मग ही मूळ संख्या का?
इथं बरीच मुलं घाई करतात. "२, ३, ५, ७ ने भाग गेला नाही, म्हणजे मूळ!" असं लगेच म्हणायचं नाही. ३२३ बघा. यातल्या एकानेही भाग जात नाही, पण ३२३ = १७ × १९.

मग कुठपर्यंत तपासायचं? ६४५ × ६४५ = ४१६०२५ आणि ६४६ × ६४६ = ४१७३१६. आपली संख्या या दोन्हींच्या मध्ये आहे. तिचे दोन अवयव पाडले, तर दोन्ही ६४५ पेक्षा मोठे असूच शकत नाहीत, कारण गुणाकार फार मोठा होईल. म्हणून ६४५ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघितलं की पुरे. त्या आहेत ११७, शेवटची ६४३. एकानेही निःशेष भाग जात नाही. म्हणून ४१६२१९ ही मूळ संख्या आहे!

कापरेकर गुरुजींची नजर
देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी संख्यांचे नवे प्रकार शोधले. अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो ती हर्षद संख्या. ४१६२१९ ÷ २३, बाकी ११. म्हणून ही हर्षद नाही. पण लगेच पुढची ४१६२२० बघा : बेरीज १५ आणि ४१६२२० ÷ १५ = २७७४८. ही हर्षद!

एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी संख्या कधीच तयार होत नाही, तिला त्यांनी स्वयंभू म्हटलं. उदा. २०. आपली संख्या मात्र स्वयंभू नाही : ४१६२०३ + (४+१+६+२+०+३) = ४१६२०३ + १६ = ४१६२१९.

स्वाध्याय
१) कागलचा पिनकोड ४१६२१६. त्याला ८ ने भाग जातो का? तो हर्षद आहे का?
२) ३९१ मूळ आहे का? कुठपर्यंत तपासाल?
३) मामाच्या गावचा पिनकोड घेऊन त्याची अशीच ओळख लिहा.

कॅल्क्युलेटर नंतर घ्या बरं का, आधी कसोट्या लावा.