गोल्फच्या मैदानावरील चरितार्थ

मुलाने गोल्फच्या मैदानावर काम धरले असे एखाद्या पालकाने सांगितले, तर ऐकणारा दोनच तर्क करतो. एक तर चिरंजीव बड्या लोकांच्या काठ्या वाहतात, नाही तर खेळाडू होण्याच्या नादी लागले आहेत. हा समज दूर करावा, एवढ्याचसाठी हे टिपण.

खेळ आपल्या वस्तीला परका नाही. कलकत्त्याचा क्लब १८२९ सालचा. बडोद्यास लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात, हैदराबादेस गोवळकोंड्याच्या किल्ल्यालगत, पुण्यास येरवड्यात मैदाने आहेत. खेळून नाव काढलेलेही आहेत. दिल्लीस कॅडी म्हणून वाढलेल्या अली शेरने १९९१ साली इंडियन ओपन जिंकली. कलकत्त्याच्या क्लबातील माळ्याचा मुलगा शिवशंकर प्रसाद चौरसिया याने तीच स्पर्धा २०१६ व २०१७ अशी लागोपाठ जिंकली. परंतु अशी नावे बोटांवर मोजण्याइतकीच. कॅडीला बहुतेक ठिकाणी पगार नसतो. जितक्या फेऱ्या तितके पैसे, आणि धो धो पावसात फेरीच नाही. या भरवशावर कोणी शाळा सोडू नये.

मग भरवशाचे काम कोणते? माझ्या मते गवताचे.

अठरा खळग्यांच्या मैदानाला शंभर-सव्वाशे एकर जमीन सहज लागते. तीत खळग्याभोवतालचा जो गुळगुळीत भाग, त्यास ‘ग्रीन’ म्हणतात. तेथील गवत तीन-चार मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या दाण्याहूनही आखूड राखावे लागते आणि हंगामात जवळजवळ रोज कापावे लागते. खाली वाळूचा थर, त्याखाली खडी व निचऱ्याचे नळ. उष्ण प्रदेशात हे गवत बहुधा कोणते असावे? आपली हरळी! शेतकरी जिला शिव्या देत खणून काढतो आणि आपण गणपतीला जिची जुडी वाहतो, तीच. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील टिफ्टन येथे ग्लेन बर्टन या शास्त्रज्ञाने हरळीचा आफ्रिकेतील एका भावकीशी संकर केला. त्यातून निघालेले ‘टिफग्रीन’ (१९५६) व पुढे ‘टिफड्वार्फ’ (१९६५) हे वाण उष्ण देशांतील मैदानांवर पसरले.

इतक्या आखूड कापलेल्या रोपाला पान उरते थोडे, मुळे उथळ. म्हणून ते सदा नाजूक. पावसाळ्यात ओल राहिली की बुरशीचे डाग एका रात्रीत दिसतात. अनेक मैदानांना शहराचे सांडपाणी शुद्ध करून देतात. त्यातील क्षार जमिनीत साठू नयेत म्हणून माती तपासत राहावे लागते. हे सारे पाहणाऱ्या अधिकाऱ्यास सुपरिंटेंडेंट म्हणतात. धारवाड, राहुरी, इंदूर येथे शेतकीची पदवी घेणाऱ्या मुलामुलींना ही विद्या निम्मी अवगत असतेच. उरलेली मैदानावर उमेदवारी करूनच येते. पुढे शिकावयाचे तर अमेरिकेत पेन स्टेट, मिशिगन स्टेट या विद्यापीठांत खास हिरवळीचेच शिक्षण मिळते. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजचा टॉम मॉरिस चार वेळा ओपन जिंकलेला. पण तो तेथे पगार घेई तो मैदान राखण्याचा. तेव्हा या कामात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

यंत्रकाम जाणणाऱ्यालाही येथे मान आहे. ग्रीन कापणाऱ्या यंत्राचे फिरते पाते व खालचे स्थिर पाते यांत केसभर फरक पडला की गवत कापण्याऐवजी फाटते. मग टोके पिवळी पडतात, आणि बोल मात्र माळ्याला लागतो! पात्यांमध्ये कागदाची पट्टी धरून ती सुबक कापली जाते का, हे पाहणारा फिटर क्लबास हवाच असतो.

खेळ शिकविण्याचे कामही आहे. त्यासाठी इंडियन गोल्फ युनियनच्या नॅशनल गोल्फ अकॅडमीचे श्रेणीवार प्रशिक्षण असते. मुलींनी याचा अवश्य विचार करावा, कारण शिकू इच्छिणाऱ्या स्त्रियांना स्त्री शिक्षिका हवी असते. क्लबातील हिशेब, उपाहारगृह, दुकान ही कामे इतर कोठल्याही क्लबासारखीच. त्यांचा विस्तार येथे करीत नाही.

उमेदवारी मागणाऱ्याने आधी एकदा सूर्योदयापूर्वी मैदानावर जावे. त्या वेळी दव झाडले जात असते, खळगे नव्या जागी हलविले जात असतात, आणि सुपरिंटेंडेंट कचेरीत नव्हे, ग्रीनवर उकिडवा बसलेला भेटतो. अर्जात केवळ गुण न लिहिता पंप, ठिबक, मातीपरीक्षण यांपैकी हाताने काय केले आहे ते लिहावे. तो पहिल्यांदा तेच विचारतो.