सेल्फ फिरतो, पण गाडी पकडत नाही

मार्चमधल्या एका दुपारी पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी घाट चढून वर आले आणि आईला औषध द्यायचं म्हणून गाडी बाजूला घेतली. दहा-बारा मिनिटांनी किल्ली फिरवली. सेल्फ नेहमीच्याच जोरात फिरला, इंजिन मात्र चालू झालं नाही. पुन्हा प्रयत्न केला, तेच. आई मागच्या सीटवर डोक्यावर ओला रुमाल घेऊन बसली होती, तिचं वय 79. पाऊण तासाने किल्ली फिरवली तर गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली.

गाडी 2006 सालची, लहान, चार सिलिंडरची, पेट्रोलवर चालणारी. 2021 मध्ये ग्रीन टॅक्स भरून मी तिचं पाच वर्षांसाठी पुन्हा पासिंग करून घेतलं, कारण आईला ती बसायला-उतरायला सोपी पडते. हा बिघाड नेमका कुठे आहे हे कळायला मे महिना उजाडला. त्या अडीच महिन्यांत जे शिकले ते लिहून ठेवते आहे. जुनी गाडी निगुतीने सांभाळणारे बरेच जण याच चक्रातून जातात, हे मला आता माहीत आहे.

1. सेल्फ फिरत नाही आणि सेल्फ फिरतो पण गाडी पकडत नाही, हे दोन वेगळे आजार आहेत.

पहिल्यात बॅटरी, तिची टर्मिनलं, अर्थिंगची वायर आणि सेल्फ मोटर बघायची. दुसऱ्यात यांचं काम बहुतेक झालेलं असतं. इंजिन फिरतं आहे, पण त्याला पेट्रोल, ठिणगी किंवा कॉम्प्रेशन यांपैकी काहीतरी मिळत नाही किंवा वेळेवर मिळत नाही. गाडी बंद पडली असं सांगितलं की ऐकणारा आधी बॅटरीवर जातो. म्हणून गॅरेजला फोन करताना पहिल्याच वाक्यात 'सेल्फ व्यवस्थित फिरतोय' हे सांगावं.

बॅटरी पूर्ण निर्दोष धरू नये, हेही खरं. सेल्फ कसाबसा फिरतो, पण त्या वेळी व्होल्टेज इतकं पडतं की इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीएम, काम सोडतो, असंही होतं. मल्टिमीटर बॅटरीला लावून दुसऱ्या कुणाला सेल्फ मारायला सांगावा. उभ्या गाडीत 12.6 च्या आसपास आकडा हवा, सेल्फ मारताना तो 9.6 च्या खाली जाऊ नये. माझा 10.4 वर थांबला. बॅटरीचा विषय तिथे संपला.

2. गाडी ठीक असताना हा बिघाड सापडत नाही.

मी गाडी तीन वेळा गॅरेजमध्ये नेली आणि तिन्ही वेळा ती तिथे चटकन चालू झाली. मेकॅनिकचा यात काही दोष नव्हता, त्याने आजारी गाडी पाहिलीच नव्हती. तरी काहीतरी करायला हवं म्हणून आधी प्लग बदलले, मग पेट्रोल फिल्टर, मग टाकीतला पंप. सगळे मिळून नऊ हजारांच्या वर गेले. अंदाजपंचे दाहोदरसे पद्धतीने पार्ट बदलत गेलं की पैसे जातातच, शिवाय नवा घातलेला पार्ट चांगलाच आहे असं आपण धरून चालतो आणि पुढचा तपास आणखी अवघड होतो. पंप बदलल्यावर आठ दिवस गाडी सुरळीत चालली. मला वाटलं, सुटले. प्रत्यक्षात ते आठ दिवस ढगाळ होते.

तपास करायचा तो बिघाड हजर असताना. तो हजर असतो वीस-तीस मिनिटं. तेव्हा काय काय पाहायचं हे घरी बसून ठरवलेलं असलं पाहिजे आणि लागणारी वस्तू गाडीत असली पाहिजे.

3. वही ठेवा.

मी विज्ञान शिकवते, मुलांना निरीक्षणं लिहायला सांगते. स्वतः लिहायला लागले ती तिसऱ्या वेळेनंतर. डॅशबोर्डच्या कप्प्यात शंभर पानी वही ठेवली. त्यातल्या दोन नोंदी: '9 एप्रिल, दुपारी 1.20, बाजारात थांबले 15 मिनिटं, आधी 40 मिनिटं गाडी चालवली, स्टार्ट नाही, 1.55 ला स्टार्ट.' 'त्याच दिवशी रात्री 9, थांबले 15 मिनिटं, लगेच स्टार्ट.'

सहा नोंदी झाल्यावर चित्र स्पष्ट झालं. सकाळी कधीच नाही. रस्त्यावर चालता चालता कधीच बंद पडली नाही. गरम गाडी थोडा वेळ थांबवली तरच हे व्हायचं, आणि तेही पाच मिनिटांत नाही, दोन तासांनीही नाही. दहा ते चाळीस मिनिटांच्या मधे.

याला कारण आहे. गाडी बंद केल्यावर इंजिन लगेच थंड होत नाही. पाणी फिरायचं थांबतं, समोरून येणारा वारा थांबतो आणि इंजिनच्या धातूत साठलेली उष्णता बॉनेटखाली पसरते. त्यामुळे इंजिनला चिकटून बसलेल्या वस्तू गाडी चालू असतानापेक्षा बंद केल्यावरच्या काही मिनिटांत जास्त तापतात. वहीने मला जागा दाखवली नाही, पण कारण उष्णतेत आहे हे पक्कं सांगितलं.

4. किल्ली ऑन करा आणि दोन सेकंद गप्प राहा.

एफएम बंद, पंखा बंद, काच वर. किल्ली ऑनवर आणली की मागच्या सीटखालून बारीक 'झूंऽऽ' आवाज येतो आणि साधारण दोन सेकंदांनी थांबतो. तो पंपाचा. त्याच वेळी डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला पाहिजे. तो लागलाच नाही तर ईसीएमला करंट पोचत नाही असा दाट संशय घ्यावा आणि मुख्य रिले, फ्यूज, अर्थिंग इथून सुरुवात करावी. किल्लीचं चित्र असलेला दिवा असेल आणि तो लुकलुकत राहिला तर गाडी किल्लीच ओळखत नाहीये, दुसरी किल्ली लावून बघावी. आरपीएमचा काटा असेल तर सेल्फ मारताना तो जरा तरी हलतो का, हे पाहावं.

एवढ्याला पैसे लागत नाहीत, बॉनेटही उघडावं लागत नाही. मी अडीच महिन्यांतले पहिले सहा आठवडे हे केलंच नव्हतं.

5. रिलेची अदलाबदल.

फ्यूजच्या डब्यात हॉर्नचा आणि पंपाचा रिले पुष्कळदा एकाच नंबरचा असतो. तसं असेल तर एकमेकांच्या जागी लावून बघावेत. मी बघितले, फरक पडला नाही.

6. पाच वॅटचा दिवा.

मला सर्वांत जास्त उपयोग याचाच झाला. कल्पना आमच्या गावातल्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनची. ते म्हणाले, "ताई, गाडी इथं आणून उपयोग नाही. माझे डोळेच तुमच्या गाडीत बसवून देतो." त्यांनी पार्किंगचा पाच वॅटचा बल्ब घेतला. एक टोक पंपाला करंट नेणाऱ्या वायरीला जोडलं, तेही टाकीपाशी नाही, पुढे रिलेच्या बाजूला, मधे एक अँपिअरचा फ्यूज घालून. दुसरं टोक बॉडीला अर्थ केलं. वायर मॅटखालून आणली आणि बल्ब हँडब्रेकजवळ पट्टीने चिकटवला.

मग कागदावर लिहून दिलं. किल्ली ऑन केल्यावर दिवा मुळीच लागला नाही तर रिले, फ्यूज किंवा त्यांची वायरिंग. सेल्फ मारतानाही दिवा लागलेला राहिला आणि तरी गाडी पकडली नाही तर पंपापर्यंत करंट येतोय, मग पंप, त्याचा कनेक्टर, नाहीतर ठिणगी. आणि ऑन केल्यावर दिवा दोन सेकंद लागला, विझला, सेल्फ मारताना लागलाच नाही, तर इंजिन फिरतंय हे ईसीएमला कळतच नाहीये.

शेवटची ओळ मला समजावून घ्यावी लागली. किल्ली ऑन केली की ईसीएम पंप दोनच सेकंद चालवतो, लाइनमध्ये दाब भरण्यापुरता. त्यानंतर इंजिन फिरत असल्याची खूण मिळाली तरच पंप चालू ठेवतो. अपघातात इंजिन बंद पडलं तर पेट्रोल उपसत राहू नये म्हणून ही सोय. ती खूण देतो क्रँक सेन्सर. ती मिळाली नाही की पंप नाही, इंजेक्टर नाही, ठिणगीही नाही. सगळंच एकदम बंद, आणि प्रत्येक वस्तू सुटी तपासली तर चांगली.

7. वडिलांचं ओलं फडकं.

मे महिन्यातला दुसरा रविवार. शिरवळला जेवायला थांबलो. पंचवीस मिनिटांनी किल्ली ऑन केली. दिवा लागला, विझला. सेल्फ मारला. दिवा काळाच. पिवळा दिवा मात्र डॅशबोर्डवर नीट होता. मी पुन्हा करून पाहिलं, तेच.

बॉनेट उघडलं. क्रँक सेन्सर इंजिनच्या खालच्या अंगाला, पुलीजवळ. त्याचा कनेक्टर वरपर्यंत येतो, तो काढून मीटर लावला. घरी सकाळी थंड इंजिनवर याच दोन पिनांमध्ये 540 ओहम आले होते. आता मीटर अनंत दाखवत होता, म्हणजे आतली तार तुटलेली. सेन्सरमध्ये लोहचुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असते. इंजिनच्या दात्यांचं चाक समोरून फिरलं की तिच्यात वीज उठते. तार कुठेतरी चिरली असेल तर तापून फाकते आणि निवली की पुन्हा टेकते. म्हणून सकाळी चांगली.

मग बाटलीतलं पाणी फडक्यावर ओतून, हात इंजिनला लागणार नाही असं जपून, सेन्सरवर दाबून धरलं. तीन-चार मिनिटं. मीटरवर आकडा परत आला, 580. कनेक्टर बसवला, किल्ली फिरवली. दिवा लागला आणि लागलेलाच राहिला, गाडी चालू.

ओलं फडकं मला माहीत होतं. माझ्या लहानपणी वडिलांच्या कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल पंप इंजिनलाच बसवलेला होता. घाटात तापला की पेट्रोलची वाफ व्हायची, पंप ओढायचा नाही. वडील उतरून पंपावर ओलं फडकं टाकायचे. घाटात मदतीला येणारे वयस्क ड्रायव्हर मलाही हेच सांगत होते, 'वाफ धरलीय.' पण इंजेक्शनच्या गाडीत पंप टाकीत बुडालेला असतो आणि लाइनमध्ये साधारण तीन बार दाब असतो, तिथे वाफ सहसा धरत नाही. मी त्यांचं ऐकून पंपावर खर्च केला. फडकं मात्र खरंच कामाला आलं, वेगळ्या जागी.

एक सावधगिरी: तीन तारांचे सेन्सर बहुधा दुसऱ्या जातीचे असतात. त्यांना ओहममध्ये मोजून काही कळत नाही.

8. तुमच्या गाडीत हेच असेल असं नाही.

पावसाळ्यात किंवा दवात पकडत नसेल तर प्लगच्या केबल आणि कॉईल बघा. अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं तर चिरलेल्या केबलवर निळी ठिणगी चालताना दिसते. रात्रभर उभी राहिल्यावर लांब सेल्फ मारावा लागत असेल तर लाइनमधला दाब उतरतोय. किल्ली दोन-तीनदा ऑन-ऑफ करून मग सेल्फ मारल्यावर लगेच चालू झाली तर शंका पक्की. पेट्रोलचा वास येत असेल तर प्लग ओले झालेत. बऱ्याच इंजेक्शनच्या गाड्यांत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला की इंजेक्टर बंद राहतात आणि प्लग सुकतात. किल्ली स्टार्टवरून सोडताक्षणी इंजिन एक ठोका घेत असेल तर इग्निशन स्विच संशयित. सीएनजीवर चालवून टाकीत पेट्रोल तळाला ठेवायची सवय असेल तर पंप आधी बघा. तो पेट्रोलमध्येच थंड राहतो.

9. कोड नाही म्हणजे दोष नाही, असं नाही.

आपल्याकडे नव्या गाड्यांना ओबीडी 2010 च्या एप्रिलपासून टप्प्याटप्प्याने आलं, माझी गाडी त्याआधीची. गॅरेजने कंपनीचा वेगळा स्कॅनर मिळवून लावला, एकही कोड नव्हता. आणि तो नसणं अगदी साहजिक होतं: ईसीएमच्या दृष्टीने इंजिन फिरलंच नव्हतं, मग तक्रार कशाची नोंदवणार?

10. घाई जिथे महागात पडते.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून जास्त मारू नये, मधे अर्धा मिनिट थांबावं, नाहीतर चांगली मोटर आणि बॅटरी जाते. ठिणगी बघायला केबल ओढून बॉडीजवळ धरायची जुनी पद्धत सोडून द्यावी. ईसीएम जळू शकतो आणि जवळ पेट्रोलची वाफ असेल तर आग लागते. ठिणगी तपासायचा टेस्टर स्वस्त मिळतो. आणि हायवेवर बॉनेटमध्ये डोकं घालण्याआधी माणसांना गाडीतून उतरवून कठड्यापलीकडे उभं करावं. पहिल्या दिवशी मी आईला गाडीतच बसवून ठेवलं होतं, ते चुकलंच.

11. बरी झाली हे ठरवायला तीच दुपार हवी.

सेन्सर 1,450 रुपयांचा. बसवताना त्याच्या बुडाची लोखंडी धूळ पुसली आणि वायर सायलेन्सरपासून लांब क्लिपात अडकवली. मेकॅनिक म्हणाला, "झालं काम, ताई." मी दिवा काढू दिला नाही. मेअखेरीस, ऊन चढलेलं असताना, मुद्दाम घाट चढून त्याच जागी थांबले. बारा मिनिटांनी किल्ली फिरवली, दिवा लागलेलाच राहिला. वीस मिनिटांनी पुन्हा. तीस मिनिटांनी पुन्हा. चाळिसाव्या मिनिटाला मी चौथ्यांदा किल्लीला हात घातला तेव्हा आई थर्मासचं झाकण लावत मागून म्हणाली, "चालू झाली ना? मग आता बंद नको करूस. घरी चल."