कबड्डीचे सामने रात्रभर का लांबतात?

प्रश्न : भात निघाल्यावर आमचे मंडळ कबड्डी स्पर्धा भरवते. सोळा संघ येतात, अंतिम सामन्याला पहाट होते. काय करावे? – एक आयोजक, ब्रह्मपुरी तालुका

उत्तर : वेळापत्रक मांडून पाहा. बाद पद्धतीत सोळा संघांचे पंधरा सामने होतात. वीस-वीस मिनिटांचे डाव आणि पाच मिनिटांची विश्रांती धरली, तर एका मैदानावर सव्वाअकरा तास लागतात. वाद, उशीर वेगळेच. पहिले बारा सामने दहा-दहा मिनिटांचे, तीन मिनिटांच्या विश्रांतीने दोन मैदानांवर घ्या. ते अडीच तासांत उरकतील. शेवटचे तीन मात्र पूर्ण वेळ खेळवा. तिथे कात्री लावू नका.

खेळ खरा रेंगाळतो तो रिकाम्या चढायांमुळे. दोन गुणांची आघाडी मिळाली, की चढाईपटू निदान रेषा ओलांडतो, पाय हलवत तीस सेकंद काढतो आणि परततो. त्यासाठी प्रो कबड्डीतला नियम लावा: लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसरीत गुण मिळवायचा, नाहीतर चढाईपटू बाद. गुणलेखकाशेजारी रिकाम्या चढाया मोजायला वेगळा माणूस बसवा. पंचांना हे एकट्याने जमत नाही.

वजन आणि ओळखपत्रे आदल्या दिवशीच तपासा. पुकारा झाल्यावर दहा मिनिटांत संघ न आल्यास समोरच्याला पुढे चाल द्या, मग तो संघ सरपंचांच्या गावचा असला तरी.

आणि सकाळी आठलाच सुरुवात करा. तुमच्या भागात वाघांचा वावर आहे. पोरांना अंधारात जंगलवाटेने सायकलवर घरी पाठवू नका.