दार उघडावं, पाणी यावं, बाकी नंतर

सोलापुरात मुक्कामाला येणारा पाहुणा बहुधा मौजमजेसाठी आलेला नसतो. अक्कलकोट इथून चाळीसेक किलोमीटर, तुळजापूर पंचेचाळीस, पंढरपूर सत्तरच्या पुढे आणि गाणगापूर कर्नाटकात, शंभरेक किलोमीटरवर. त्यामुळे सोलापुरात सामान टाकून चारही ठिकाणी दर्शन घेणारी कुटुंबं बारा महिने येत असतात. दुसरे येतात दवाखान्याच्या कामाने. धाराशिव, विजयपूर, कलबुर्गीकडचे पेशंट इथे दाखल होतात आणि सोबतच्या माणसांना काही दिवस पाठ टेकायला जागा हवी असते. जुळे सोलापुरातल्या आमच्या घराचा वरचा मजला आम्ही अशा लोकांना दिवसाच्या भाड्याने देतो. कुलूप, पाण्याची मोटार, गिझर, एसी हे त्यात एकेक करून मोबाइलवर आलं. आता ओळखीतले लोक विचारतात की आम्हीही सुरू करतोय, काय काय बसवू? त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

१. पहिला पैसा दारावर घाला.

मुंबईची वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ला सुरू झाली. ती इथे पोचते रात्री साडेदहानंतर. सिद्धेश्वर एक्स्प्रेस दिवस वर यायच्या आत माणसं आणून सोडते. हैदराबादहून स्वतःची गाडी घेऊन निघालेल्यांचा तर काही नेमच नाही. लहान मूल खांद्यावर झोपलंय, आजी गाडीत अवघडलीय आणि किल्लीवाला फोन उचलत नाही, ही वेळ कुणावर येऊ नये. त्यासाठी आकड्यांचं कुलूप लागतं.

दुकानात गेल्यावर रंग आणि अ‍ॅप नंतर बघा. आधी विचारा, इंटरनेट बंद असताना ठरावीक मुदतीचा कोड चालतो का? चांगल्या कुलपात चालतो, कारण ते आतल्या घड्याळावरून कोडची मुदत स्वतः ताडून पाहतं. सेल उतरले तर बाहेरून वीज द्यायची सोय आहे का? काहींना नऊ व्होल्टची बॅटरी टेकवता येते, काहींना पॉवर बँक लावता येते. आणि धातूची खरी किल्ली चालते का? या तिन्हींना ‘हो’ असेल तरच घ्या. आमच्याकडे कोड म्हणजे पाहुण्यांच्याच मोबाइलचे शेवटचे चार आकडे. कन्नड बोलणाऱ्या अक्कांना असो की तेलुगू बोलणाऱ्या अण्णांना, आपला नंबर पाठ असतो. निघायच्या दिवशी अकरा वाजता तो कोड आपोआप रद्द होतो.

२. बोटाच्या ठशावर विसंबू नका, निदान सोलापुरात तरी.

साफसफाईला येणाऱ्या आमच्या मावशींनी उमेदीची सगळी वर्षं विड्या वळण्यात घालवली. पान कातरायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. दिवसभर तीच बोटं, तोच दाब. त्यांच्या अंगठ्यावरच्या आणि पहिल्या बोटावरच्या रेषा झिजून गुळगुळीत झाल्या आहेत. कुलपावर बोट ठेवलं की लाल दिवा लागतो. रेशनच्या मशीनवरही त्यांना हाच त्रास. या शहरात विड्या वळणाऱ्या बायका किती, यंत्रमागावर आयुष्य काढलेली माणसं किती! ज्या हातांनी हे गाव चाललं, ते हात ओळखू न शकणारं यंत्र मला दारावर नको होतं. मावशींना कोड दिला. त्या आकडे म्हणत नाहीत, जागा लक्षात ठेवतात. वरचा कोपरा, मधला, खालचा, परत मधला. डबा एका हातात, दुसऱ्या हाताने चार टिचक्या, दार उघडं.

३. खरी हुशारी पाण्यात लागते.

सोलापूर २०१६च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत निवडलं गेलं, पण नळाचं पाणी अजून काही दिवसांआडच येतं. उजनीचं पाणी शंभर-सव्वाशे किलोमीटर चालून येतं आणि कधी सुटेल ते गल्लीतल्या बायकांनाच आधी कळतं. आपल्याला त्याची सवय असते. पुण्या-हैदराबादच्या पाहुण्याला नसते. तो नळ सोडतो, पाणी येत नाही, नळ तसाच उघडा ठेवून दर्शनाला जातो. मागून टाकी भरते आणि त्या उघड्या नळातून सगळी वाहून जाते. आता पुढचं पाणी यायला कितीतरी दिवस.

म्हणून आमच्याकडे सगळ्यात जास्त विचार आणि वायर पाण्यावर खर्च झाली आहे. हौदात एक आणि गच्चीवरच्या टाकीत एक, असे दोन लेव्हल सेन्सर आहेत. वरची टाकी निम्म्यावर आली आणि हौदात पाणी असलं तरच मोटार लागते. हौद रिकामा असेल तर लागतच नाही. कोरडी चालून मोटार जळण्याची भीती असते ती यामुळे गेली. बोअरच्या मोटारीला ड्राय-रन संरक्षण वेगळं बसवावं लागतं, उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की तेच उपयोगी पडतं.

सेन्सर निवडताना इथलं पाणी लक्षात घ्या. बोअरचं पाणी जड. धातूच्या कांड्यांचे जे स्वस्त सेन्सर मिळतात त्यांच्यावर क्षार बसून पांढरी साल धरते, मग रिकामी टाकी भरलेली दिसते आणि भरलेली रिकामी. लोहचुंबकाच्या तरंगणाऱ्या गोळ्याचे सेन्सर इथे जास्त टिकतात. त्यांनाही अधूनमधून फडक्याने पुसावं लागतं, टाकी धुताना तेवढं करायचं. आणि गच्चीपर्यंत वायफायवर भरवसा ठेवू नका. दोन स्लॅब आडवे आले की सिग्नल विरतो. आमच्या वायरमननी पाइपाच्या कडेने साधी वायर वर नेली, ती उन्हापावसात तशीच काम करते आहे.

टाकीतून घरात उतरणाऱ्या पाइपावर मोटारीने फिरणारा एक व्हॉल्व्ह आहे. नेहमीपेक्षा जास्त वेळ सलग पाणी वाहिलं तर मला मोबाइलवर निरोप येतो. मी आधी पाहुण्यांना फोन करते. घरात कुणी नसेल तरच इथून व्हॉल्व्ह बंद करते. आत एखाद्या काकू आंघोळ करत असतील आणि आपण पाणी तोडलं, तर त्या व्हॉल्व्हचा काय उपयोग!

४. गिझरला घड्याळ लावा.

अक्कलकोटच्या काकड आरतीला जायचं तर सगळ्यांच्या आंघोळी पहाटे चारच्या आत व्हायला हव्यात. १५ लिटरचा, २००० वॉटचा गिझर पाणी पंचवीस अंशांवरून साठवर न्यायला अठरा-वीस मिनिटं घेतो. सहा माणसं असली की हिशोब आधीच करावा लागतो. पाहुण्यांना रात्री फक्त ‘किती वाजता निघणार?’ एवढं विचारायचं आणि त्याप्रमाणे वेळ लावायची. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणाऱ्यांची रात्रभर रीघ असते. सकाळी एसटीने परतलेल्यांचे पाय सुजलेले असतात. पहिल्या चहाआधी त्यांना गरम पाण्याची बादली हवी असते आणि ती तयार असते, याचं मला फार समाधान वाटतं.

गिझरचं स्मार्ट प्लग १६ अँपिअरचंच घ्या, १० अँपिअरचं तापून वितळतं. न्हाणीघराच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. तो स्मार्ट नसतो, पण जीव वाचवतो. त्याच्यावरचे पैसे वाचवून दिव्यांचे रंग बदलणारे बल्ब घेऊ नका.

५. एसी बंद करण्याची घाई नको.

एप्रिल-मेमध्ये इथे पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो. खोली गार राहावी म्हणून पाहुणे एसी चालू ठेवून बाहेर पडतात. यावर उपाय म्हणून हालचाल टिपणारा सेन्सर विकला जातो, खोलीत कुणी हललं नाही की एसी बंद. दवाखान्याच्या पाहुण्यांसाठी ही चीज वाईट. रात्रभर पेशंटच्या उशाशी बसलेला मुलगा दुपारी येऊन चादर ओढून पडतो तो मेल्यासारखा झोपतो. साध्या सेन्सरला तो दिसतच नाही. भर दुपारी एसी बंद होतो आणि कितीतरी वेळाने डोळा लागलेला माणूस घामाने जागा होतो. श्वासाची हालचाल टिपणारे रडारचे सेन्सर आता मिळतात, ते बसवा किंवा काहीच बसवू नका. आम्ही रिमोटसारखी खूण पाठवणारं छोटं यंत्र ठेवलंय. पाहुणे खोली सोडून गेले की त्यावरून एसी बंद होतो. मुक्काम असेपर्यंत एसी त्यांच्या हातात. तसेही १ जानेवारी २०२०पासूनचे स्टारवाले एसी कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येतात.

६. लाइट जाणार हे धरूनच सगळं लावा.

वळवाचा पाऊस आला की लाइट जाते. इन्व्हर्टरवर पंखे, एकेक दिवा, राउटर आणि फाटकाजवळचा दिवा एवढं असू द्या. कुलूप सेलवर चालतं, त्याला धक्का नाही. लाइट परत आल्यावर काय होतं तेही एकदा मुद्दाम मेन बंद-चालू करून बघा. पुष्कळ स्मार्ट बल्ब वीज येताच पूर्ण उजेडाने पेटतात, मग रात्री दोनला सगळं घर लख्ख होतं आणि पाहुणे दचकून उठतात. अ‍ॅपमध्ये ‘आधी होतं तसंच’ अशी सेटिंग असते, ती करून टाका.

७. भिंतीवरचं बटण बटणच राहिलं पाहिजे.

सत्तरीच्या आजोबांना दिव्यासाठी मोबाइल काढायला लावू नये. बोर्डाच्या आत मागे बसणारे छोटे मॉड्यूल मिळतात, बटण तेच राहतं आणि मोबाइलवरूनही चालतं. फक्त बोर्डात न्यूट्रल आहे का ते वायरमनकडून आधी तपासून घ्या. बटणांवर मराठी, कन्नड आणि तेलुगूत पट्ट्या लावल्या आहेत. बोलून चालणारा स्पीकर आम्ही ठेवलेला नाही, त्याचं कारण पुढे.

८. घरात कॅमेरा नाही. ऐकणारं यंत्रही नाही.

या बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही. सामान चोरीला जाईल, जास्त माणसं राहतील, अशी भीती घालणारे पुष्कळ भेटतात. पण आमच्या हॉलमध्ये माणसं डॉक्टरांचे रिपोर्ट पुन्हा पुन्हा वाचत बसतात, ऑपरेशनच्या पैशांची जुळवाजुळव करतात, रडतात. पारायणाला बसलेले असतात. ते पाहण्याचा मालकाला काहीएक अधिकार नाही. एअरबीएनबीने ३० एप्रिल २०२४पासून घराच्या आतले कॅमेरे जगभर बंद केले, बंद ठेवलेलेसुद्धा चालत नाहीत. आपल्याकडे स्त्रीचं खासगी क्षणी चोरून चित्रण करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. आमचा एकच कॅमेरा फाटकावर, रस्त्याकडे तोंड करून. तो आहे हे बुकिंगच्या आधीच लिहून कळवते आणि पोचल्यावर बोटाने दाखवते.

ओळखपत्रांचंही तसंच. आधार मागताना मास्क केलेलं मागा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, नोंदीला पुरतात. परदेशी नागरिक असेल तर चोवीस तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते, कोडचं कुलूप असलं तरी ही जबाबदारी सुटत नाही.

९. वायफाय दोन करा.

पाहुण्यांचं वेगळं, यंत्रांचं वेगळं. टीव्हीवर लोक आपली खाती उघडी ठेवून जातात, प्रत्येक मुक्कामानंतर ती काढून टाका.

१०. खाली माणूस हवा.

ज्यांना असं घर पुण्यात बसून चालवायचं आहे त्यांना मी सांगते, चालवा, पण शेजारचं एक घर जोडून घ्या. आमची धातूची किल्ली समोरच्या काकांकडे असते आणि त्यांचा नंबर दाराच्या आत मोठ्या अक्षरांत लिहिलेला आहे. त्याखाली वायरमनचा, रिक्षावाल्याचा आणि रात्री उघड्या असणाऱ्या औषधांच्या दुकानाचा. पलीकडे स्वयंपाकघरात शेंगाचटणीची बरणी आणि कडक भाकरीचा डबा भरलेला असतो. दवाखान्यातून अवेळी आलेल्या माणसाला तेवढ्यावर रात्र काढता येते. डबा संपत आला हे कळवणारा सेन्सर नाही, ते मावशी सांगतात.