पाखरांकडे पाहण्याचा धडा

शास्त्रभाग : मत्तय ६:२५–३४, अनुवाद २२:६, ७

प्रभूने चिंतातुर शिष्यांस पाखरांकडे लक्ष देण्यास सांगितले. हे वचन आपण वाचतो, परंतु पाखरांकडे पाहतो थोडेच. ते कसे पाहावे, याचा धडा आम्ही मुंबईच्या उपनगरांतून घेतो.

अमेरिकेत हमिंगबर्ड नावाचे चिमुकले पाखरू फुलापुढे अधांतरी राहून मध पिते. तेथील लोक परसात साखरपाण्याची बाटली टांगून त्यास बोलावितात व त्याची छायाचित्रे घेतात. ते पाखरू आपल्या देशात नाही. आपणांस देवाने शिंजीर दिला आहे. यासच सूर्यपक्षी म्हणतात. त्याचे वजन सुमारे १० ग्रॅम. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात तो आहे, तसाच घाटकोपर-अंधेरीच्या सज्जातील जास्वंदीवरही येतो. तो बहुधा डहाळीवर बसूनच वाकडी चोच फुलात घालितो.

१. पोषण. शिंजीर स्वतः मध पितो, परंतु पिलांस किडे व कोळी भरवितो. साखरपाण्यात हे नाहीत. शिवाय ते उन्हात लवकर आंबते. जास्वंद लावावी व तीवर विषारी औषध फवारू नये, म्हणजे मध व किडे दोन्ही मिळतात. देवबाप पाखरांस पोसितो तो असा. त्याने मांडलेले ताट आपण ओढून घेऊ नये, इतकेच आपले काम.

२. घरटे. मादी गवत, साल व कोळ्याचे जाळे गुंफून थैलीसारखे घरटे टांगते. कधी ते सज्जातील तारेवरही असते. त्यात बहुधा दोन अंडी असतात. छायाचित्राच्या लोभाने कोणी आडवी पाने तोडिली, तर कावळ्यास वाट सापडते; वारंवार जवळ गेल्यास मादी घरटे सोडूनही जाते. मग चित्र हाती राहते आणि पिले मरतात. वाटेत घरटे सापडल्यास पिलांबरोबर आईस धरू नये, असे नियमशास्त्राने इस्राएलास बजाविले होते. हातात गलोल असो की मोबाईल, आज्ञा तीच आहे.

म्हणून दूर बसावे, स्थिर राहावे, घरट्यावर झगझगीत प्रकाश टाकू नये. जो पाखरास न धरिता पाहू शकतो, तोच त्यापासून विश्वास शिकतो.

उपदेशकांनी मुलांस विचारावे :
(१) आपल्या बांधावरील पांगाऱ्यावर कोणती पाखरे येतात?
(२) घरट्यातील आईस सोडून देण्याची आज्ञा देवाने का दिली असावी?