नवा गायक शोधावा कसा?
(हिप-हॉप, अहिराणी आणि आपण)

आपल्या महाविद्यालयात 'रॅप' हा शब्द उच्चारला की साधारणतः दोन प्रकारची मते ऐकावयास मिळतात. काहींच्या मते तो परदेशातून आलेला निव्वळ गोंगाट आहे. तर काहींना सिनेमात ऐकलेली चार गाणी म्हणजेच रॅप असे वाटते. दोन्ही मते ऐकीव आहेत. या कलेचा समग्र इतिहास सांगण्याचा आव प्रस्तुत लेखात आणावयाचा नाही. प्रश्न एवढाच आहे की, ज्याच्यामागे कोणतीही कंपनी नाही आणि ज्याचे नाव अद्याप कोणाच्या कानावर नाही, अशा नव्या कलावंतापर्यंत जळगाव-धुळ्याकडील श्रोत्याने पोहोचावे कसे? आणि पोहोचल्यावर त्याचे कर्तव्य कोणते?

१. उगम

११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील एका इमारतीत सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने शाळेसाठी नवे कपडे घ्यावयास पैसे जमावेत म्हणून नाचगाण्याचा कार्यक्रम ठेवला. तबकड्या वाजविण्याचे काम तिचा भाऊ क्लाईव्ह ऊर्फ 'डीजे कूल हर्क' याच्याकडे होते. गाण्यातील शब्द थांबून नुसता ताल उरतो, त्या तुकड्यावर नाचणाऱ्यांना विशेष रंग चढतो, हे त्याने हेरले होते. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून तो तेवढाच तुकडा पुनःपुन्हा वाजवीत असे. त्या लांबविलेल्या तालावर कोणी यमके जुळवून बोलू लागले आणि त्यातून रॅप आकारास आला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. 'रॅपर्स डिलाइट' ही गाजलेली ध्वनिमुद्रिका निघाली ती १९७९ साली. तोपर्यंतची सहा वर्षे ही कला मुख्यतः गल्लीत, सभागृहांत आणि कार्यक्रमात भरून घेतलेल्या कॅसेटींवर जगली. एकाने ऐकावे, दुसऱ्याला द्यावी, दुसऱ्याने तिसऱ्याला. श्रोता स्वतः शोध घेत होता म्हणूनच ती टिकली. म्हणून नव्या गायकाचा शोध हे हौशी माणसाचे रिकामपण नव्हे. तो या कलेच्या घडणीचाच एक भाग होय.

रचनेविषयी थोडेसे. रॅप बहुधा चार मात्रांच्या आवर्तनात चालतो आणि अशा सोळा आवर्तनांचे एक कडवे करण्याचा प्रघात आहे. यमक ओळीच्या शेवटी असते, तसेच ओळीच्या पोटातही पेरलेले असते. जात्यावरची ओवी ऐकलेल्या मराठी कानाला यात परके वाटावे असे फार थोडे आहे.

२. महाराष्ट्रातील वाट

मुंबईच्या कुर्ला भागातील नावेद शेख ऊर्फ नेझी याने २०१४ साली 'आफत' हे गाणे आयपॅडवर मुद्रित केले आणि त्याचे चित्रीकरणही त्यावरच केले. अंधेरीच्या विव्हियन फर्नांडिस ऊर्फ डिव्हाइन याच्याबरोबर त्याचे 'मेरे गली में' हे गाणे २०१५ साली आले. या दोघांच्या जीवनावरून स्फुरलेला झोया अख्तर यांचा 'गली बॉय' हा चित्रपट २०१९ साली प्रदर्शित झाला. म्हणजे ज्यांनी सिनेमाची वाट पाहिली, त्यांना ही मंडळी पाच वर्षे उशिरा भेटली.

केवळ हिंदीतच हे घडले असे नाही. मुंबईतील 'स्वदेशी' या गटात अनेक भाषांतून रॅप होतो. त्यातील एमसी मवाली मराठीतून गातो. या गटाने २०१९ साली आरे येथील प्रकाश भोईर या आदिवासी कलावंतासह 'वारली रिव्होल्ट' हे गाणे केले. आपल्या शेजारच्या अमरावतीचा सौरभ अभ्यंकर ऊर्फ 'हण्ड्रेड आरबीएच' याने तर वऱ्हाडी वळणाची बोली दूरचित्रवाणीवरील 'हसल' या स्पर्धेपर्यंत नेली. वऱ्हाडीला जे साधले ते अहिराणीला का साधू नये, असा प्रश्न खानदेशी मनात येणे स्वाभाविक आहे.

३. आपली बोली

ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०७ साली निघालेल्या भागात खानदेशीची नोंद भिल्ली बोलींच्या सोबत आहे. २०११ च्या जनगणनेत खानदेशी बोलणारांची संख्या सुमारे १८ लाख ६० हजार भरली. ही बोली केवळ घरात आणि बाजारात उरली आहे असेही नाही. विनोद कुमावत यांचे 'हाई झुमका वाली पोर' हे अहिराणी गाणे २०२२ साली यूट्यूबवर आले आणि कोट्यवधी वेळा पाहिले गेले. ते हिप-हॉप नव्हे, लग्नात वाजणारे नाचाचे गाणे आहे. परंतु मुंबईच्या मोठ्या कंपनीवाचूनही खानदेशी गाणे दूरवर पोहोचते, एवढे त्याने दाखवून दिले.

रॅपच्या दृष्टीने अहिराणीची ठेवण पाहण्यासारखी आहे. 'मी जास, तू जास, तो जास' अशी तिन्ही पुरुषांत क्रियापदाची एकच रूपे येतात. 'माले', 'तुले', 'आठे', 'तठे', 'शे' हे शब्द आखूड आणि ठसठशीत आहेत. प्रमाण मराठीत जे यमक ओढूनताणून आणावे लागते, ते येथे व्याकरणातूनच चालत येते. अर्थात सोपे यमक हा धोकाही आहे. प्रत्येक ओळ 'स'वर संपली म्हणजे कविता झाली असे नव्हे.

४. शोधण्याची रीत

(अ) नावांचा माग काढावा. गाण्याखाली गायकाबरोबरच गीतकार, ताल रचणारा, मुद्रण करणारा यांची नावे असतात. आपण ती वाचतच नाही. एका गायकाचा ताल ज्याने रचला त्याने आणखी चौघांसाठी काम केलेले असते. त्या चौघांतील दोघे आपल्याला ठाऊक नसतात. एका नावावरून दुसऱ्या नावावर असे जात राहावे.

(आ) यंत्राच्या शिफारशीवर विसंबू नये. मोबाइल आपल्यापुढे जे गाणे ठेवतो, ते बहुतांशी आपल्यासारख्या इतरांनी आधी ऐकलेले असते. ज्याला अजून कोणी ऐकलेले नाही, तो या हिशेबात मागेच राहतो. स्पॉटिफायने २०२४ पासून असा नियम केला की, बारा महिन्यांत एक हजार वेळाही न ऐकल्या गेलेल्या गाण्याला मानधन मिळणार नाही. म्हणजे नऊशे वेळा ऐकलेल्या गाण्याच्या पदरी काहीच नाही. आपल्यासारख्या शंभर विद्यार्थ्यांनी एक गाणे मनापासून ऐकले तर काय फरक पडतो, हे यावरून समजावे.

(इ) जेथे नवखे लोक प्रथम येतात तेथे जावे. साउंडक्लाउड, बँडकॅम्प आणि यूट्यूबवरील लहान चॅनेल ही अशी ठिकाणे होत. बँडकॅम्पवर विकत घेतलेल्या गाण्याच्या किमतीतून ती कंपनी १५ टक्के घेते. पैसे पोहोचविण्याचा खर्च वजा जाता बाकी रक्कम कलावंताला मिळते. जमेल तेव्हा एखादे गाणे विकत घ्यावे.

(ई) तीनदा ऐकावे. पहिल्यांदा ताल, दुसऱ्यांदा शब्द, आणि तिसऱ्यांदा वही घेऊन. न कळलेला शब्द घरातील आजीला किंवा गावाकडील मित्राला विचारावा. ज्याला आपण अशुद्ध समजून सोडून देतो तो पुष्कळदा जुना आणि नेमका शब्द असतो.

(उ) समोर बसून ऐकावे. रॅपर वर्तुळ करून आळीपाळीने गातात, त्याला 'सायफर' म्हणतात. त्याकरिता ना मंच लागतो ना परवानगीचा अर्ज. बाकावर ठेका धरणारा एक आणि बोलणारे चार, एवढे पुरे.

५. एक राहून गेलेली नोंद

हे सारे मी शहाणपणाने लिहीत असलो तरी हा धडा मला चुकून मिळालेला आहे. आमच्या वर्गात पांझरेकाठच्या एका खेड्यातून येणारा एक मित्र होता. स्नेहसंमेलनाच्या तालमी चालू असताना एका दुपारी त्याने बाकावर ठेका धरून अहिराणीत चार मिनिटे रॅप केला. विषय होता बापाच्या कापसाचा आणि तोलकाट्याचा. दुसऱ्याच कडव्यात कोणीतरी 'आंडोर' या शब्दाला हसले, मग सगळेच हसले. मीही हसलो. त्याने गाणे पुरे केले, पण संमेलनासाठी नाव दिले नाही. त्या वर्षाअखेरीस तो कामासाठी सुरतेला गेला. त्याचा जुना नंबर आता लागत नाही. माझ्या खिशात मोबाइल होता, पुढ्यात वही होती. मी एक ओळ टिपली नाही. आज मला फक्त ठेका आठवतो.

असे हसू खानदेशाला परवडणारे नाही, कारण आपण एकदा थोडक्यात वाचलो आहोत. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर त्या आपल्या लेवा बोलीत गाणी रचीत. मुलगा सोपानदेव आणि त्यांचा मावसभाऊ यांनी ती टिपून ठेवली. बहिणाबाईंच्या निधनानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखविली आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली. आज उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. अत्र्यांच्या रसिकतेचे कौतुक आपण नेहमी करतो, आणि ते योग्यच आहे; परंतु अत्र्यांपुढे ठेवावयास वही होती म्हणून ते घडले. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळापुढे उभे राहिले असताही हाच विचार मनात येतो. गावोगाव हिंडून दप्तरे गोळा करणारे इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली याच शहरात वारले. पुढील वर्षी हे मंडळ स्थापन झाले. शोधणे आणि जपून ठेवणे ही आपल्या प्रदेशाची जुनी विद्या आहे.

६. समारोप

तेव्हा सुचवावयाचे ते एवढेच. मराठी विभागात एक वही ठेवावी. ज्याला जो नवा गायक सापडेल त्याने त्याचे नाव, गाव, बोली, गाण्याचे नाव, ऐकल्याची तारीख आणि एक प्रामाणिक अभिप्राय तीत लिहावा. गाणे मुद्रित करावयाचे तर गाणाऱ्याची परवानगी घ्यावी आणि दुसऱ्याला ऐकविताना त्याचे नाव सांगावे. अभिप्राय प्रतिकूल असला तरी चालेल. कौतुकाचा रतीब घालून कोणाचेच भले होत नाही. प्राध्यापक महोदयांनी बोलीचा पाठ शिकविताना त्यातील एखादे गाणे वर्गात घ्यावे, अशी नम्र विनंती आहे.

मी माझ्यापुरती अशी वही सुरू केली आहे. तीत आतापर्यंत सात नावे झाली. त्यांतील दोन अहिराणीत गातात. पहिले पान मात्र कोरे ठेवले आहे. सुरतेला गेलेल्या त्या मित्राचा ठावठिकाणा कोणास ठाऊक असल्यास कृपया कळवावे. हसल्याबद्दल क्षमा मागावयाची आहे आणि ते गाणे पुन्हा ऐकावयाचे आहे.

— तृतीय वर्ष कला (मराठी) वर्गातील एक विद्यार्थी